उदोन थानीचा आघाडीवीर

६ जानेवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे आशियाई चषक स्पर्धेतील आपल्या पहिल्याच सामन्यात भारताने थायलंडचा ४-१ असा पराभव केला, तेव्हा सुनील छेत्री यांच्या दोन गोलांचे आपण सर्वांनी मुक्तकंठाने कौतुक केले, आणि ते सर्वथा यथोचित होते. परंतु त्या पराभवाचे पडसाद उमटून थाई फुटबॉल संघटनेने आपले सर्बियन प्रशिक्षक मिलोवान रायेवाच यांना तत्काळ पदमुक्त केले, या घटनेमागे त्या देशाच्या क्रीडाजीवनातील केवढे मोठे वादळ दडलेले होते, याची कल्पना आपल्यापैकी फारच थोड्यांना आली असेल. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या रिक्त झालेल्या जागेवर रायेवाच यांची नेमणूक झाली होती, ते गृहस्थ कोणी सामान्य प्रशिक्षक नव्हते. थायलंडच्या राष्ट्रीय संघाकडून सर्वाधिक, म्हणजे ७१ गोल करणारा आघाडीवीर, खेळाडू म्हणून आग्नेय आशियाचा चषक जिंकणारा आणि पुढे प्रशिक्षक म्हणून तोच चषक पुन्हा जिंकून दाखवणारा पहिला पुरुष, अशी त्यांची कीर्ती होती. त्यांचे नाव कियातिसाक सेनामुआंग. पण थायलंडमधील आबालवृद्ध त्यांना ‘झिको’ म्हणूनच ओळखतात.

आपण मराठी वाचक फुटबॉलची प्रतवारी लावतो ती युरोप आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या तराजूत, आणि त्या तराजूत आशियातील एखाद्या खेळाडूचे वजन करावयाचे झाले, तर तो इंग्लंडात किंवा जर्मनीत किती सामने खेळला एवढाच प्रश्न आपल्याला सुचतो. या मापाने पाहिले तर कियातिसाक यांच्या कारकिर्दीत सांगण्यासारखे काहीच उरत नाही. परंतु एखाद्या प्रदेशाचे क्रीडाजीवन हे त्या प्रदेशाच्या मापानेच मोजावे लागते. तेथील लोक कोणत्या सामन्याला घरदार सोडून मैदानाकडे धावतात, कोणत्या शेजाऱ्याकडून झालेला पराभव त्यांच्या जिव्हारी लागतो, आणि कोणत्या विजयाची आठवण ते मुलाबाळांना सांगतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तेथील खेळाडूची योग्यता कळणे दुरापास्त आहे. कियातिसाक यांचे चरित्र मला मोलाचे वाटते ते याच कारणासाठी. आग्नेय आशियाच्या फुटबॉलला त्याचे स्वतःचे माप आहे, ही गोष्ट त्यांनी दोन वेळा सिद्ध केली. प्रथम आपल्या पायांनी, आणि पुढे आपल्या शिष्यांच्या पायांनी.

त्यांचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी उदोन थानी येथे झाला. थायलंडच्या ईशान्य भागाला इसान म्हणतात, आणि उदोन थानी हे त्या मुलखातील एक प्रमुख शहर आहे. बँकॉकच्या झगमगाटापासून दूर असलेला, पावसाच्या लहरीवर भातशेती करणारा, आणि पोटासाठी आपली तरुण मुले राजधानीकडे पाठवणारा असा हा प्रदेश. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन विमानदलाचा एक मोठा तळ येथेच होता. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांच्या तोंडी ज्या परदेशी खेळाडूंची नावे खेळत असत, त्यांत ब्राझीलच्या झिकोचे नाव अग्रगण्य होते, आणि तेच नाव या मुलाला चिकटले. टोपणनावे लावून घेणे ही थायलंडातील सार्वत्रिक रीत आहे, त्यामुळे त्यात कोणाला अहंमन्यता दिसली नाही. मात्र इतक्या मोठ्या नावाचे ओझे आयुष्यभर वाहून ते सार्थ करून दाखवणे, हे सर्वांना साधत नाही.

कियातिसाक यांच्या उमेदवारीच्या काळात थायलंडात आजच्या अर्थाने व्यावसायिक फुटबॉल नव्हताच. थाई लीगची स्थापना झाली ती १९९६ साली. तोपर्यंतचे नामांकित संघ म्हणजे बँकांचे, लष्करी दलांचे, पोलीस खात्याचे आणि सरकारी उपक्रमांचे संघ. खेळाडू त्या त्या दप्तरात नोकरीला असे, त्याला ठरावीक पगार मिळे, आणि मैदानावरील त्याचे कर्तृत्व हा त्याच्या नोकरीचाच एक भाग समजला जाई. मुंबईच्या कूपरेज मैदानावर टाटा, मफतलाल, मध्य रेल्वे, एअर इंडिया आणि महिंद्र यांचे संघ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. या व्यवस्थेत पैसा फारसा नसला, तरी स्थैर्य होते, आणि तिच्यातून निपजलेले संघ दुबळे होते असेही नव्हे. थाई फार्मर्स बँकेच्या संघाने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे आशियाई क्लब अजिंक्यपद पटकावले होते. कियातिसाक हे क्रुंग थाई बँकेच्या संघातून पुढे आले.

त्यांच्या आधीच्या पिढीने परदेशाची वाट मळून ठेवली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. वित्थया लाओहाकुल हे मध्यरक्षक सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत जाऊन हेर्टा बर्लिनसाठी खेळले होते. थाई हवाई दलाचे आघाडीवीर पियापोंग पुए-ऑन यांनी तर दक्षिण कोरियात लकी-गोल्डस्टार या संघाकडून खेळताना १९८५ च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान मिळवला आणि संघाला अजिंक्यपदही मिळवून दिले. कोरियासारख्या आशियातील अव्वल देशात एका थाई खेळाडूने मिळवलेला हा लौकिक थायलंडच्या तरुणांना केवढा प्रेरक ठरला असेल! पियापोंग यांची पिढी मैदानावरून निवृत्त होत असतानाच १९९३ साली कियातिसाक राष्ट्रीय संघात दाखल झाले, आणि पुढील सुमारे चौदा वर्षे त्यांनी देशाची आघाडी सांभाळली.

नव्वदीच्या दशकातील त्या थाई संघाला तेथील लोक आजही ‘ड्रीम टीम’ म्हणतात. थावत्चाई सत्चाकुल यांच्या व्यवस्थापनाखाली तरुण खेळाडूंचा एक समूह एकत्र आणून, त्यांना दीर्घकाळ एकत्र सराव देऊन हा संघ घडवण्यात आला. दुसित चालेर्मसान, तवान श्रीपान, नतिपोंग श्रीथोंग-इन ही त्यातील काही नावे. या पिढीने १९९३ साली सिंगापूर, १९९५ साली चिआंग माई, १९९७ साली जकार्ता आणि १९९९ साली ब्रुनेई अशा ओळीने चार आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्या चारही सुवर्णपदकांवर कियातिसाक यांचे नाव आहे. त्या स्पर्धेत २००१ पासून तेवीस वर्षांखालील खेळाडूंचे संघ उतरू लागले. त्यापूर्वी ती देशांच्या प्रमुख संघांमध्येच होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या चार पदकांची खरी किंमत ध्यानात येते. जकार्ताचा अंतिम सामना यजमान इंडोनेशियाशी होता. १-१ अशा बरोबरीनंतर, भरलेल्या सेनायन स्टेडियमच्या गर्जनेत, थायलंडने तो पेनल्टींवर जिंकला.

आघाडीवीर म्हणून त्यांचे सामर्थ्य कशात होते? उंची बेताची, शरीर काटक. परंतु चेंडू कोठे पडणार याचा अंदाज बचावपटूला येण्याच्या आधी त्यांना येत असे, आणि हवेत झेपावून डोक्याने चेंडू मारण्याचे त्यांचे कसब त्यांच्याहून वीतभर उंच असलेल्या बचावपटूंनाही हतबल करीत असे. गोल झाल्यावर ते धावत जाऊन कोलांटउडी घेत. ही कोलांटउडी पुढे त्यांची मुद्राच होऊन बसली. बँकॉकपासून हनोईपर्यंतच्या गल्लीबोळांतील मुलांनी तिचे अनुकरण केले.

१९९६ साली आग्नेय आशियाई देशांच्या फुटबॉल महासंघाने आपली पहिली अजिंक्यपद स्पर्धा सिंगापुरात भरवली. एका मद्योत्पादक कंपनीच्या पुरस्कारामुळे तिला टायगर चषक असे नाव मिळाले. अंतिम सामन्यात थायलंडने मलेशियाला १-० असे हरवले आणि तो एकमेव गोल कियातिसाक यांनी पूर्वार्धात केला. म्हणजे या चषकावर कोरलेले पहिले नाव थायलंडचे, आणि ते कोरणारा पाय कियातिसाक यांचा. त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र संयुक्त अरब अमिरातीत आशियाई चषकासाठी गेलेला हाच विजयी संघ सौदी अरेबिया, इराण आणि इराक यांच्याकडून तिन्ही सामने हरून परतला. सौदी अरेबियाने तर त्यांच्यावर सहा गोल चढवले. एकाच वर्षातील हे दोन अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आपल्या प्रदेशात सम्राट आणि खंडाच्या दरबारात पराभूत, ही थाई फुटबॉलची जी विचित्र अवस्था कियातिसाक यांच्या पुढील सर्व कारकिर्दीवर आपली छाया टाकून राहिली, तिचे पहिले स्पष्ट दर्शन येथे घडते.

१९९८ हे वर्ष थाई फुटबॉलच्या इतिहासात एका लांच्छनाचे आणि एका पराक्रमाचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, हो चि मिन्ह शहरात टायगर चषकाच्या गटसाखळीत थायलंड आणि इंडोनेशिया समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही संघांची उपांत्य फेरी निश्चित झालेली होती. मात्र जिंकणाऱ्याला यजमान व्हिएतनामशी हनोईत गाठ घालावी लागणार असल्यामुळे दोघांपैकी कोणालाच विजय नको होता. त्या लज्जास्पद सामन्याचा शेवट इंडोनेशियाच्या एका खेळाडूने जाणूनबुजून आपल्याच गोलजाळ्यात चेंडू मारून केला. थायलंडच्या पदरी असा ३-२ हा विजय पडला, आणि हनोईत व्हिएतनामने त्यांचा ३-० असा फडशा पाडला. देशाची इभ्रत गेली ती गेलीच. फिफाने दंडही ठोठावला.

त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. संघाची सूत्रे आता पीटर विद यांच्या हाती होती. ॲस्टन व्हिला संघासाठी १९८२ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारे हे इंग्रज गृहस्थ स्वतः आघाडीवीर होते, त्यामुळे कियातिसाक यांच्यासारख्या खेळाडूची पारख त्यांना असणे स्वाभाविकच होते. १४ डिसेंबर रोजी राजमंगल स्टेडियमवर उपांत्यपूर्व सामन्यात गाठ पडली ती दक्षिण कोरियाशी, म्हणजे त्याच वर्षी फ्रान्समध्ये विश्वचषक खेळून आलेल्या देशाशी. सामना संपण्यास दहा मिनिटांच्या आसपास अवधी असताना कियातिसाक यांनी गोल केला आणि स्टेडियम दुमदुमून गेले. थोड्याच वेळात कोरियाने बरोबरी साधली. तोपर्यंत पंचांनी थायलंडच्या खेळाडूंना लाल कार्डे दाखवण्यास आरंभ केला होता, आणि जादा वेळ सुरू असताना मैदानावर यजमानांचे फक्त नऊ खेळाडू उरले. त्या काळच्या नियमानुसार जादा वेळेत जो प्रथम गोल करील तो विजयी. अकरांविरुद्ध नऊ, समोर आशियातील बलाढ्य संघ, पाय थकलेले. अशा अवस्थेत थावत्चाई दामरोंग-ओंगत्रकुल यांनी दुरून मारलेली फ्री किक कोरियन गोलरक्षकाला चुकवून जाळ्यात शिरली. थायलंड २-१ असा जिंकला. पुढे उपांत्य सामन्यात कुवेतने आणि कांस्यपदकाच्या सामन्यात चीनने त्यांना हरवले व संघ चौथा आला. परंतु त्या स्पर्धेची आठवण निघाली की थाई मनुष्य पदकाविषयी बोलत नाही, तो नऊ खेळाडूंच्या त्या रात्रीविषयी बोलतो.

उत्तर मलेशियातील पर्लिस संघाकडून खेळून कियातिसाक यांनी परदेशी मैदानांचा अनुभव घेतला होता. १९९९ साली त्यांना इंग्लंडमधून बोलावणे आले. यॉर्कशरमधील हडर्सफील्ड टाउन हा संघ त्या वेळी इंग्लंडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता व स्टीव्ह ब्रूस त्याचे व्यवस्थापक होते. थाई जनतेने या बातमीचे जे स्वागत केले, ते एखाद्या राष्ट्रीय सन्मानासारखेच होते. पण लीगच्या एकाही सामन्यात पहिल्या संघाकडून उतरण्याची संधी न मिळता त्यांना परत यावे लागले. त्यांचे सर्वोत्तम वय होते, अंगात गोल करण्याची भूक होती, आणि तो काळ सरावाच्या मैदानावर आणि राखीव संघात जावा, याचे दुःख त्यांच्या चाहत्यांना आजही वाटते. मला मात्र त्या अपयशापेक्षा त्यानंतरची त्यांची निवड अधिक अर्थपूर्ण वाटते. परतल्यावर २००० साली थायलंडात भरलेल्या टायगर चषकात ते सर्वोत्तम खेळाडू ठरले, थायलंडने दुसऱ्यांदा अजिंक्यपद मिळवले; काही काळ ते सिंगापूरच्या सशस्त्र दलांच्या संघाकडून खेळले; आणि २००२ साली त्यांनी असा एक निर्णय घेतला की ज्याने संपूर्ण आग्नेय आशिया चकित झाला.

व्हिएतनामच्या मध्य पठारावर, कंबोडियाच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेले प्लेइकू हे डोंगराळ गाव आहे. लाकूड व फर्निचर यांच्या धंद्यातून वर आलेले उद्योजक दोआन न्गुयेन दुक यांनी तेथील संघ ताब्यात घेऊन त्याला आपल्या कंपनीचे नाव दिले होते: होआंग आन झा लाई. संघ दुसऱ्या श्रेणीत होता. अशा संघात, अशा आडगावात, आग्नेय आशियाचा सर्वश्रेष्ठ आघाडीवीर खेळावयास येणार या वार्तेवर प्रथम कोणाचा विश्वासच बसेना. शिवाय हा आघाडीवीर कोणत्या देशाचा? १९९५ आणि १९९९ या दोन्ही वर्षी आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात व्हिएतनामचे सुवर्णस्वप्न ज्या थायलंडने धुळीस मिळवले, त्याच थायलंडचा. ज्याच्या पायांची भीती बाळगत व्हिएतनामच्या प्रेक्षकांनी दशक काढले, तोच आता त्यांच्या एका डोंगरी गावाचा नायक होणार होता.

आणि तो झाला. त्याच वर्षी संघ वरच्या श्रेणीत चढला, आणि तेथील पहिल्याच हंगामात, म्हणजे २००३ साली, व्हिएतनामचा अजिंक्य ठरला; २००४ साली त्याने अजिंक्यपद पुन्हा राखले. कियातिसाक यांच्या मागोमाग दुसित चालेर्मसान यांच्यासारखे त्यांचे जुने सहकारीही प्लेइकूला आले. व्हिएतनामी लोकांनी त्यांना ‘थाई झिको’ म्हणून आपलेसे केले. हा स्नेह केवळ गोलांच्या संख्येने जोडला गेला नव्हता; त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली, तेथील लोकांत मिसळले, आणि एका मोठ्या खेळाडूने लहान गावाला आपले मानावे तसे मानले. युरोपातील दुसऱ्या दर्जाच्या संघाच्या राखीव बाकावर बसून राहण्यापेक्षा शेजारच्या देशातील एका उदयोन्मुख संघाचा कणा होणे हे त्यांना अधिक श्रेयस्कर वाटले असावे. आज थाई, व्हिएतनामी, मलेशियन आणि इंडोनेशियन खेळाडू एकमेकांच्या लीगमध्ये सर्रास ये-जा करतात. त्यामागे अनेक कारणे असली, तरी प्लेइकूच्या त्या प्रयोगाचा त्यातील वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

प्लेइकूलाच त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीचा प्रारंभ झाला. खेळाडूपण संपत आले असतानाच त्यांनी प्रशिक्षणाचे काम अंगावर घेतले, आणि पुढील काही वर्षे थायलंड व व्हिएतनाम यांच्या क्लबांमध्ये, कधी चोनबुरीत तर कधी पुन्हा प्लेइकूला, त्यांनी या नव्या विद्येची उमेदवारी केली. या काळात चमकदार असे फार घडले नाही. पण याच काळात थायलंडचा राष्ट्रीय फुटबॉल उतरणीला लागला होता. २००२ नंतर देशाने आग्नेय आशियाचा चषक पाहिला नव्हता. २००७, २००८ आणि २०१२ अशा तीन अंतिम सामन्यांत त्यांचा पराभव झाला होता. आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदकांची जी साखळी १९९३ पासून २००७ पर्यंत अखंड होती, ती २००९ साली तुटली, आणि २००९ व २०११ या दोन्ही वेळी संघ गटसाखळीतूनच बाहेर पडला.

२०१३ च्या जूनमध्ये जर्मन प्रशिक्षक विनफ्रीड शेफर यांना निरोप देण्यात आला आणि तात्पुरती व्यवस्था म्हणून कियातिसाक यांच्याकडे संघ सोपवण्यात आला. १५ जून रोजी हेफेई येथे चीनशी मैत्रीपूर्ण सामना होता. बहुतांश तरुण खेळाडू घेऊन गेलेल्या या हंगामी प्रशिक्षकाच्या संघाने चीनला त्यांच्याच भूमीवर ५-१ असे नमवले. चिनी प्रेक्षकांचा संताप अनावर झाला, आणि चीनचे स्पॅनिश प्रशिक्षक होसे आंतोनियो कामाचो यांना लवकरच आपले पद गमवावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात म्यानमारमधील नेपिडॉ येथे कियातिसाक यांच्या तेवीस वर्षांखालील संघाने इंडोनेशियाला अंतिम सामन्यात १-० असे हरवून आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक परत आणले. पुढच्या वर्षी इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत हाच तरुण संघ उपांत्य फेरीपर्यंत जाऊन चौथा आला. १९९८ साली खेळाडू म्हणून जेथपर्यंत ते पोहोचले होते, तेथपर्यंत त्यांनी आपल्या शिष्यांना नेले.

त्यांच्या पद्धतीचे मर्म पुढीलप्रमाणे सांगता येईल. थाई खेळाडू उंचीने आणि देहयष्टीने अरब, कोरियन किंवा ऑस्ट्रेलियन खेळाडूंपुढे कमी पडतो, ही गोष्ट त्यांनी स्वतः मैदानावर अनुभवलेली होती. म्हणून चेंडू उंच मारून झुंजत बसण्याऐवजी तो जमिनीवर ठेवावा, आखूड आणि वेगवान पास देत प्रतिस्पर्ध्याला पळवावे, आणि ज्याच्या पायांत चपळाई आहे त्याला शरीराच्या बेताचा संकोच वाटू देऊ नये, हे त्यांच्या शिकवणुकीचे सूत्र होते. या सूत्राचा मूर्तिमंत आविष्कार म्हणजे चनाथिप सोंगक्रासिन. जेमतेम पाच फूट दोन-अडीच इंच उंचीचा हा मध्यरक्षक एखाद्या जुन्या पद्धतीच्या प्रशिक्षकाच्या हाती पडला असता, तर कदाचित उंचीच्याच कारणावरून मागे राहिला असता. कियातिसाक यांनी त्याच्याभोवती संघ रचला. त्याच्या जोडीला सारात युयेन, थीराथोन बुन्माथान, आणि स्वित्झर्लंडमध्ये जन्मून २००९ साली त्या देशाच्या सतरा वर्षांखालील विश्वविजेत्या संघातून खेळलेला चारिल शाप्वी, असे तरुण होते. या मुलांना प्रशिक्षक परका वाटत नव्हता. त्यांच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी त्यांच्याच कोलांटउडीची नक्कल केलेली असणार.

२०१४ च्या आग्नेय आशियाई अजिंक्यपदाचा अंतिम सामना, त्या स्पर्धेच्या रिवाजाप्रमाणे, दोन भागांत खेळला गेला. बँकॉकमध्ये थायलंडने मलेशियाला २-० असे हरवले होते. २० डिसेंबर रोजी क्वालालंपूरच्या बुकित जलील स्टेडियमवर हजारो प्रेक्षकांसमोर मलेशियाने तीन गोल चढवले आणि एकूण हिशेबात ३-२ अशी आघाडी घेतली. बारा वर्षांचा वनवास आणखी लांबणार अशी चिन्हे दिसू लागली. अशा वेळी घाबरलेला संघ चेंडू कसाही पुढे भिरकावू लागतो. थाई खेळाडू मात्र शिकवल्याप्रमाणे चेंडू जमिनीवर ठेवून खेळत राहिले. सामना संपण्यास आठ मिनिटे उरली असताना शाप्वी यांनी एक गोल परतवला. एकूण ३-३. त्यानंतर पाच मिनिटांनी चनाथिप यांनी दुरून चेंडू जाळ्यात धाडला. त्या दिवशीचा सामना थायलंड ३-२ असा हरला, पण चषक ४-३ असा जिंकला. आणि १९९६ साली पहिल्या चषकासाठी निर्णायक गोल करणारा मनुष्य अठरा वर्षांनी प्रशिक्षक म्हणून त्याच चषकाचा धनी झाला. त्यापूर्वी हा दुहेरी मान कोणालाही मिळालेला नव्हता. २०१६ च्या डिसेंबरात इंडोनेशियाकडून पहिला सामना १-२ असा हरल्यावर बँकॉकमध्ये सिरोच चात्थोंग यांच्या दोन गोलांच्या बळावर त्यांनी तो चषक राखलाही.

मधल्या काळात विश्वचषकाच्या पात्रता फेरीत थायलंडने इराक, व्हिएतनाम आणि तैवान यांच्या गटात एकही सामना न गमावता पहिले स्थान मिळवले. हनोईत व्हिएतनामचा ३-० असा झालेला पराभव त्यातील सर्वांत देखणा. या यशामुळे आशियातील शेवटच्या बारा संघांत थायलंडची गणना झाली. पीटर विद यांच्या संघाने, ज्यात कियातिसाक स्वतः खेळत होते, २००२ च्या विश्वचषकासाठी शेवटच्या दहांत स्थान मिळवले होते, त्यानंतर असे प्रथमच घडत होते. पण या फेरीत गाठ होती जपान, ऑस्ट्रेलिया, सौदी अरेबिया, इराक आणि संयुक्त अरब अमिराती यांच्याशी. १९९६ साली अमिरातीत जे खंडाचे माप त्यांच्या वाट्याला आले होते, तेच आता पुन्हा पुढे उभे राहिले. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी राजे भूमिबोल यांचे निधन झाले. त्या राष्ट्रीय दुखवट्याच्या काळात, १५ नोव्हेंबर रोजी, तीरासिल दांगदा यांच्या दोन गोलांमुळे थायलंडने आशियाई विजेत्या ऑस्ट्रेलियाला २-२ असे रोखले. सात सामन्यांतून मिळालेला तो एकमेव गुण ठरला. मार्च २०१७ मध्ये मायदेशी सौदी अरेबियाकडून ०-३ आणि लगेच सैतामा येथे जपानकडून ०-४ असा पराभव झाल्यावर, त्या महिन्याच्या अखेरीस कियातिसाक यांनी राजीनामा दिला.

हा राजीनामा देण्याची पाळी त्यांच्यावर यावयास नको होती, असे मला मनापासून वाटते. ज्या फेरीपर्यंत संघाला त्यांनीच नेले, त्या फेरीतील पराभवांचा सर्व भार त्यांच्याच माथी मारणे हे न्यायाला धरून नव्हते. आणि त्यांच्या जागी ज्यांना आणले गेले, त्या परदेशी प्रशिक्षकाने चेंडू जमिनीवर ठेवून धीटपणे खेळण्याच्या त्यांच्या पद्धतीऐवजी सावध बचावाचा मार्ग धरला. त्या मार्गाचा शेवट अबू धाबीत भारतासमोर झाला, हे आरंभी सांगितलेच आहे. जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्यापर्यंत पोहोचावयाचे तर क्लब, शाळा, लहान मुलांचे प्रशिक्षण या साऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची बांधणी लागते. एका प्रशिक्षकाच्या तीन-चार वर्षांच्या मुदतीत ती होत नसते. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे की, बलाढ्य संघांविरुद्ध त्यांची बचावफळी वारंवार उघडी पडत असे आणि आक्रमणाच्या ओढीत मागची बाजू सांभाळण्याचा उपाय त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही. आघाडीवीराच्या स्वभावाची ती मर्यादा असावी.

बँकॉकच्या पोर्ट संघात त्यांनी अल्पकाळ काम केले, परंतु त्यांचे मन रमले ते पुन्हा प्लेइकूलाच. तेथे २००७ साली इंग्लंडच्या आर्सेनल क्लबच्या सहकार्याने फुटबॉलची एक निवासी प्रबोधिनी स्थापन झाली होती, आणि तिच्यातून न्गुयेन काँग फुओंग, लुओंग शुआन त्रुओंग, न्गुयेन तुआन आन यांच्यासारखे नामवंत खेळाडू बाहेर पडले होते. मात्र एवढी गुणवत्ता हाताशी असूनही संघ तळाच्या आसपास घोटाळत असे. २०२१ च्या हंगामात कियातिसाक यांच्या हाती सूत्रे येताच हाच संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी जाऊन बसला. बारा फेऱ्या झाल्या होत्या. करोनाच्या साथीमुळे स्पर्धा प्रथम थांबली आणि शेवटी रद्दच करण्यात आली. विजेता घोषित झाला नाही. त्या अग्रस्थानाच्या आधारे २०२२ साली संघाला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि योकोहामा, जॉनबुक, सिडनी यांसारख्या मातब्बर संघांशी तो झुंजला. पुढे २०२४ साली काही महिने कियातिसाक यांनी हनोई पोलिसांच्या संघाचेही प्रशिक्षण केले.

त्यांच्या नावावरील ७१ आंतरराष्ट्रीय गोलांचा आकडा भारताच्या सुनील छेत्री यांनी केव्हाच मागे टाकला आहे, परंतु थायलंडात तो अद्याप अबाधित आहे. आणि त्यांच्या शिष्यांचा हिशेब मांडायचा तर, साथीमुळे लांबून २०२१ च्या अखेरीस सिंगापुरात झालेल्या आग्नेय आशियाई अजिंक्यपद स्पर्धेकडे पाहावे: थायलंडने इंडोनेशियाला दोन सामने मिळून ६-२ असे हरवले, चनाथिप सर्वोत्तम खेळाडू ठरले, आणि दुसऱ्या सामन्यातील थायलंडच्या दोन गोलांपैकी एक सारात युयेन यांनी केला.